मुंबई ते लंडन किती तास? हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

‘लंडनला जायला किती तास लागतात?’ या प्रश्नाची चार उत्तरे असतात आणि चारही खरी असतात. विमान प्रत्यक्ष हवेत असते तेवढा वेळ, तिकिटावर छापलेला वेळ, दोन्हीकडच्या घड्याळांत दिसणारा फरक, आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून निघून तिकडच्या घराच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ. गोंधळ होतो तो ही उत्तरे एकमेकांत मिसळल्यामुळे. म्हणून आधी अंतर, मग विमानाचा वेळ, मग घड्याळ आणि शेवटी रस्ता, अशा क्रमाने हिशोब करा. पहिल्या तीन गोष्टींसाठी अकरावी-बारावीची मुले वापरतात तो सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. चौथीसाठी मात्र आपला भाग माहीत असावा लागतो.

अंतर काढणे

हवाई अंतर शहरापासून मोजू नका, विमानतळापासून मोजा. साताऱ्याहून लंडनचे सरळ अंतर काढता येते, पण साताऱ्यातून विमान निघत नाही, त्यामुळे त्या आकड्याचा प्रवासाला उपयोग नाही.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मोबाईलवरच्या नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरले की ते दिसतात. दशांश चिन्हानंतर दोन आकडे पुरेत, कारण अक्षांशाचा ०.०१ अंश म्हणजे साधारण १.१ किलोमीटर. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. उत्तर आणि पूर्व धन धरायचे, दक्षिण आणि पश्चिम ऋण.

आता पायऱ्या:

१. रेखांशांतला फरक काढा: ७२.८७ − (−०.४५) = ७३.३२.

२. दोन्ही अक्षांशांचे साइन काढून गुणा: साइन १९.०९ × साइन ५१.४७ = ०.२५५८.

३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन असे तिन्ही गुणा: ०.१६९०.

४. दोन्ही उत्तरांची बेरीज करा: ०.४२४८. तिचा उलटा कोसाइन घ्या (शिफ्ट दाबून कॉस): ६४.८६ अंश.

५. त्याला १११.२ ने गुणा: सुमारे ७,२१० किलोमीटर.

हा १११.२ कुठून आला? पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की परीघ ४०,०३० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि त्याला ३६० ने भागले की एका अंशाला १११.२ किलोमीटर मिळतात. अंशांना ६० ने गुणले तर उत्तर सागरी मैलांत येते. वैमानिक अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) मोजतात. इथे ते ३,८९० सागरी मैलांच्या आसपास येते. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. इंटरनेटवर एकाच प्रवासाची दोन अंतरे दिसली तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाची ६,३५७ किलोमीटर आहे. या रीतीत पृथ्वी पूर्ण गोल धरली आहे, त्यामुळे उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहतो. विमान त्याहून कितीतरी जास्त वळणे घेते, तेव्हा त्याची चिंता नको.

उत्तर चुकते ते पुढच्या चार कारणांनी.

कॅल्क्युलेटर अंशांवर नसतो. सुरुवातीलाच कॉस ६० दाबा. ०.५ आले तर पुढे जा. −०.९५२ आले तर तो रेडियनवर आहे, ०.५८७ आले तर ग्रेडियनवर. मोबाईल आडवा धरल्यावर उघडणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये हा प्रकार फार होतो. एक्सेल तर कोन नेहमी रेडियनमध्येच समजते. तिथे प्रत्येक अंशाला आधी रेडियन्स फंक्शन लावा आणि उलट्या कोसाइनचे उत्तर थेट ६,३७१ ने गुणा.

कला-मिनिटे दशांश समजून लिहिली जातात. साताऱ्याचा अक्षांश १७ अंश ४१ मिनिटे आहे, म्हणजे १७.६८. तो १७.४१ लिहिला की सातारा ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतो, थेट कराडकडे.

ऋण चिन्ह विसरते. सिडनी −३३.९५ अक्षांशावर आहे. मुंबईहून खरे अंतर सुमारे १०,१६० किलोमीटर. चिन्ह विसरलात तर ७,७९० येते. उत्तर पटण्यासारखे दिसते, म्हणून चूक लक्षातही येत नाही. रेखांशांचा फरक मात्र १८० पेक्षा जास्त आला तरी बिचकू नका. सॅन फ्रान्सिस्कोला तो १९५.२५ येतो. तसाच घाला, कोसाइन तो आपोआप सांभाळतो आणि उत्तर १३,५१० किलोमीटरच्या जवळ मिळते.

चौथे, जवळच्या गावांना ही रीत लावली जाते. सातारा-सांगलीसाठी बेरीज ०.९९९८ आणि ०.९९९९ यांच्या मधे कुठेतरी येते. चार आकड्यांवर थांबलात तर पहिल्याने १२७ किलोमीटर, दुसऱ्याने ९०. दोनेकशे किलोमीटरच्या आतल्या अंतराला साधा पायथागोरस वापरा: अक्षांशांचा फरक गुणिले १११.२ ही एक बाजू, रेखांशांचा फरक गुणिले १११.२ गुणिले मधल्या अक्षांशाचा कोसाइन ही दुसरी. सातारा-सांगली ११० किलोमीटरच्या आसपास येते. रस्त्याने तेच सव्वाशेच्या घरात जाते.

कॅल्क्युलेटर नको असेल तर पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. शाळेतल्या मुलांना तर असेच दाखवावे. गोलाच्या विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून सेंटीमीटर मोजा आणि ४०,००० ला त्या आकड्याने भागा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर दोरा ९४ सेंटीमीटर भरतो, म्हणजे एक सेंटीमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. मग दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. मुंबई-लंडन १७ सेंटीमीटर भरेल. ताणलेला दोरा आपसूकच सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. त्या नकाशात उत्तरेकडचे देश ताणलेले असतात. मुंबई-न्यूयॉर्क हे त्याचे उत्तम उदाहरण. नकाशावर न्यूयॉर्क जवळपास सरळ पश्चिमेला दिसते. प्रत्यक्षात जवळची वाट निघतानाच उत्तर दिशेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेकडे झुकलेली असते, आइसलँडच्या पूर्वेला ६४-६५ अक्षांशापर्यंत चढते आणि मग खाली उतरते. अंतर १२,५३० किलोमीटर. विमानातल्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा दिसतो तो यामुळे. वळसा वाटतो, पण तीच सरळ वाट आहे.

विमानाला लागणारा वेळ

मोठी रुंद विमाने (७७७, ७८७, ए३५०) अकरा किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पट वेगाने जातात. तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणजे विमानाचा ९०० च्या आसपास. ए३२० किंवा ७३७ ही लहान जेट थोडी सावकाश, ८३० च्या आसपास. पंख्याची एटीआर ताशी ५०० ला थांबतात. म्हणून कोल्हापूर-हैदराबादचे ४४५ किलोमीटर एटीआरने सव्वा तासाच्या वर जातात.

हिशोबासाठी असे धरा: अंतरात पाच टक्के वाढवा, रुंद विमानाला ताशी ८८० आणि लहान जेटला ८०० ने भागा, त्यात ४० मिनिटे मिळवा. पाच टक्के वळणांचे, कारण विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते. ४० मिनिटे धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरणे आणि थांबण्याच्या जागेपर्यंत पोचणे यांची. तिकिटावरचा वेळ दरवाजा बंद होण्यापासून पलीकडे विमान जागेवर थांबेपर्यंतचा असतो. हवेतला वेळ त्याहून बराच कमी असतो. मुंबई-दिल्ली १,१४० किलोमीटर आहे. या रीतीने दोन तास दहा मिनिटे येतात आणि वेळापत्रकातही साधारण तेवढेच सापडतात.

मग वारा. उत्तर भारतापासून युरोपपर्यंतच्या अक्षांशांवर उंचावरचे जोरदार वारे बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात. त्यांचा पट्टा ताशी शंभर-दोनशे किलोमीटरचा, कधी त्याहूनही वेगवान असतो. पूर्ण मार्गाची सरासरी काढली तर लांबच्या प्रवासात ताशी ५० किलोमीटर धरणे योग्य. लंडनला जाताना ७,५७० (७,२१० अधिक पाच टक्के) भागिले ८३० (८८० वजा ५०) म्हणजे ९ तास ७ मिनिटे, अधिक ४०, म्हणजे पावणेदहा तास. येताना ७,५७० भागिले ९३० म्हणजे ८ तास ८ मिनिटे, अधिक ४०, म्हणजे पावणेनऊ. एकाच वाटेवर जाण्या-येण्यात तासाचा फरक पडतो तो विमान बदलल्याने नाही. पृथ्वी खाली फिरते म्हणून फरक पडतो, असेही बरेच जण सांगतात. ते चूक आहे, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

एक गोष्ट कोणत्याही सूत्रात बसत नाही, ती म्हणजे बंद आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ही मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. परदेशी कंपनीचे विमान त्याच दिवशी जवळच्या वाटेने जाऊ शकते. रशियाने २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना असेच अडवले आहे. म्हणून तुमचा आकडा आणि तिकीट यांत तासाच्या वर फरक दिसला तर आधी विमान कोणत्या देशाचे आहे ते पाहा.

घड्याळांचा हिशोब

दोन्ही वेळा जागतिक वेळेत (यूटीसी) आणा आणि मगच वजाबाकी करा. दुसरी युक्ती नको. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. समजा विमान १५ जानेवारीला पहाटे १:३० ला मुंबईहून निघते आणि १५ जानेवारीलाच सकाळी ७ ला न्यूयॉर्कला पोचते. पाहणाऱ्याला साडेपाच तास दिसतात. निघण्याची जागतिक वेळ १४ जानेवारी रात्री ८. हिवाळ्यात न्यूयॉर्क जागतिक वेळेच्या पाच तास मागे, म्हणून पोचण्याची वेळ १५ तारखेला दुपारी १२. एकूण १६ तास.

तेच विमान जुलैमध्ये सात ऐवजी आठला पोचताना दिसेल, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. ब्रिटन-युरोपात तो मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत असतो. भारत-लंडन फरक त्यामुळे साडेपाच किंवा साडेचार, भारत-न्यूयॉर्क साडेदहा किंवा साडेनऊ तासांचा. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली आणि युरोप न बदललेला असतो. त्या दिवसांत लंडनमार्गे न्यूयॉर्कचे तिकीट असेल तर हिशोब दोनदा करा. दुबई (दीड तास मागे), सिंगापूर (अडीच तास पुढे) आणि टोकियो (साडेतीन तास पुढे) यांची घड्याळे मात्र वर्षभर हलत नाहीत.

देशात घड्याळ एकच आहे, सूर्य मात्र एक नाही. विटा-आटपाडीकडची गलाईची (सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यातली) मंडळी गुवाहाटीपर्यंत पोचलेली आहेत. मुंबईहून ते २,०७० किलोमीटर, तिकिटाप्रमाणे तीन तासांच्या आसपास. डिसेंबरात दुपारी दीडला मुंबई सोडली तर उतरताना तिकडे सूर्य मावळतीला आलेला असतो. विमानतळापासून पुढे गाडीने लांब जायचे असेल तर सकाळचेच विमान घ्या.

साताऱ्या-सांगलीहून निघणे

आतापर्यंतच्या हिशोबात चूक झाली तर तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो. इथली चूक मात्र विमान चुकवते, म्हणून इथे जास्त जपून चला.

पहिली आणि सर्वांत महाग चूक तारखेची. ‘१५ तारीख, ०१:३०’ म्हणजे १४ तारखेची रात्र. घरातून १४ ला दुपारीच निघायचे असते. परदेशी जाणारी बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतरच सुटतात आणि १५ ला रात्री जेवून निघालेले लोक रिकाम्या काउंटरसमोर उभे राहतात. तिकीट हाती आले की कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका, घरातून निघण्याची तारीख आणि वेळ लिहा. घरातल्या सगळ्यांना तीच सांगा.

ती वेळ विमानापासून मागे मोजत या. सामान घेणारे काउंटर परदेशी विमानाला बहुधा ६० ते ७५ मिनिटे आधी बंद होते, देशातल्या विमानाला ६० मिनिटे आधी. परदेशासाठी साडेतीन तास आधी पोचायचे धरा, म्हणजे १४ ला रात्री १०. दोन तास राखीव ठेवा. साताऱ्याहून मुंबई विमानतळ २६० किलोमीटरच्या आसपास, चहा-पाण्यासह साडेपाच तास. मग दुपारी २:३० ला निघा. सांगलीहून ३८० किलोमीटर, आठ तास, म्हणजे दुपारी १२. राखीव दोन तास खंबाटकी, कात्रज किंवा खंडाळ्याच्या घाटात आणि संध्याकाळी वाशीच्या खाडी पुलापासून पुढे खर्च होतात. ते उरले तर विमानतळावर बसून राहावे, पण वजा करू नयेत.

मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सहारकडचा जुना, एनएमआय असेल तर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा. एक्स्प्रेसवेवरून येणाऱ्याला नवा जवळ पडतो, कारण खाडी ओलांडावी लागत नाही. जुन्यातही टी१ आणि टी२ ही टर्मिनल वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांच्यात काही किलोमीटरचा रस्ता आहे. गाडीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगू नका.

देशातल्या प्रवासासाठी पुण्याचे लोहगाव आधी पाहा. साताऱ्याहून अडीच-तीन तास, सांगलीहून पाच. सांगली-मिरजकरांना कोल्हापूरचे उजळाईवाडी तासा-दीड तासावर आहे. तिथून सुटणारी विमाने मोजकी असतात आणि वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलते. मागच्या सहलीला होते म्हणून आताही असेल असे धरू नका.

दारापासून दारापर्यंतची बेरीज करून मगच विमान घ्यावे की नाही ते ठरवा. सांगली-दिल्ली पुणेमार्गे: रस्ता ५ तास, विमानतळावर २, विमान सव्वादोन, सामान घेऊन शहरात पोचायला दीड. पावणेअकरा तास. रेल्वेशी याची तुलनाच नाही, विमानच घ्या. सातारा-बेंगळुरू मात्र विचार करण्याजोगे. पुणेमार्गे ३ अधिक २ अधिक पावणेदोन अधिक दीड, म्हणजे सव्वाआठ तास, तेही सगळे जागेपणाचे. शिवाय बेंगळुरूचा विमानतळ शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर आहे. स्लीपर बस रात्री महामार्गावरून निघून सकाळी पोचवते. आमच्या मते दिवसभराच्या कामासाठी बसच बरी.

मधे विमान बदलायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. एकाच तिकिटावर पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय कंपनी करते आणि सामान सहसा थेट शेवटी मिळते. वेगवेगळी तिकिटे काढली तर सामान उतरवून पुन्हा द्यावे लागते, काही देशांत त्यासाठी व्हिसा लागतो आणि विमान चुकल्याचा भुर्दंड पूर्ण आपला. अशा वेळी मधे किमान पाच-सहा तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जात असाल तर धुक्यामुळे सकाळची विमाने अडकतात, म्हणून जोडणारे विमान दुपारनंतरचे घ्या.

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मिरज, सांगली, कराड, सातारा करत सकाळी मुंबईला पोचते. संध्याकाळच्या विमानासाठी ती चांगली. दुपारच्या आतल्या विमानासाठी तिच्यावर विसंबू नका.

जुलै-ऑगस्टचे तिकीट असेल तर आणखी एक दिवस हिशोबात धरा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. अशा दिवसांत उजळाईवाडीचे तिकीट असूनही सांगलीकर तिथे पोचू शकत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी रोज जाहीर होते, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. ती ३५ च्या वर चढत असेल आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी असेल तर ४० ची वाट पाहू नका. सामान बांधा, पेठ नाक्यावरून महामार्गाला लागा आणि आदल्या रात्रीचा मुक्काम पुण्यात करा.